‘ऱ्हाऊ दे’ म्हणजे काय?

अहो,

तुम्ही जाऊन अजून महिना उलटला नाही, आणि तुम्ही काय म्हणाला होतात यावरून चांगली शिकलीसवरलेली माणसं भांडायला लागली आहेत. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून हसला असतात. मला हसू आलं नाही, कारण भांडण मिटवायला ती माणसं माझ्या दारात आली.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण कुठलं, हुद्दा कोणता, हे सगळं नंदुरबारच्या शोकसभेत सांगून झालं. बोलणाऱ्यानं तुमच्या विमानाला ‘देशाचा गरुड’ म्हटलं. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते, आणि तुमचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटला, ‘गरुडाच्या छातीत आधी दम तरी भरा.’ लोकांना वाटलं, बाई हुंदका आवरते आहे.

तुम्हाला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. बंगलोरच्या कारखान्यात एक लढाऊ विमान करायचं ठरलं, आपल्या माणसांनी आखायचं आणि आपल्याच माणसांनी जुळवायचं. तुम्ही पंखांची आखणी करणाऱ्यांत होतात. सांगाडा सुरेख झाला, विमान उडलंही. पण ज्या इंजिनाच्या भरवशावर ते आखलं होतं, ते इंजिन आलंच नाही. परदेशातल्या ज्या कंपनीनं देतो म्हटलं होतं, तिनं मधेच सांगितलं की पुढचा खर्च तुम्ही सोसा. आपण नको म्हटलं. मग कमी ताकदीचं इंजिन बसवलं. मग दुसऱ्या इंजिनाचा शोध, त्यासाठी सांगाड्यात बदल, बदलासाठी नवे साचे, आणि साच्यांसाठी आणखी वर्षं. खर्च दरसाल वाढत गेला, वेग होता तिथंच राहिला. दिल्लीत प्रश्न विचारले गेले. शेवटी समिती बसली. विमान पुढे चालवायचं की बंद करायचं, एवढंच तिनं ठरवायचं होतं. फाल्गुनात तुम्ही घरी आलात तेव्हा त्या समितीपुढे बोलायची पाळी तुमच्यावर आली होती.

आपलं भांडण मात्र त्या समितीपेक्षा जुनं.

मी बी.ए. झालेली बाई. माझ्या माहेरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. हे मी मिरवते, आणि मिरवणारच. तुमच्या घरातही तुम्हीच पहिले. त्यामुळे आपल्या संसारात दोघांनाही एकाच वेळी वाटायचं की बरोबर आपलंच. बंगलोरला राहत होतो तेव्हा शेजारच्या बायका म्हणायच्या, ‘तुम्ही दोघं इतक्या जोरात काय भांडता?’ मी सांगायचे, ‘विमानावरून.’ त्यांना वाटायचं, मी थट्टा करते. त्यांच्या घरी भांडणं साखरेवरून व्हायची.

मग तुमची माय एकटी पडली. शेत सोडून ती बंगलोरला येईना, आणि मला इथल्या हायस्कुलात नोकरी मिळाली. मी मायजवळ आले, तुम्ही तिकडे राहिलात. भांडणं तेवढी दिवाळीची आणि होळीची झाली.

गावात विमानाला ‘इमान’ म्हणतात, हे तुम्हाला आधी लक्षात यायला हवं होतं. पारावर कुणीतरी विचारायचं, ‘उत्तमभाऊ, तुम्हनं इमान कोठे शे आते?’ तुम्ही गंभीरपणे सांगायचात, ‘शे ना, बंगलोरले शे. पन अजून पुरं व्हयनं नही.’ आणि सगळा पार हसायचा. ‘आयका रे! सरकारी नोकरना इमान पुरं व्हयनं नही!’ पहिल्या वेळी तुम्ही रागावलात. दुसऱ्या वेळी तुम्हीच आधी म्हणालात, ‘खर्च वाढी ऱ्हायना, इमान तितलंच शे.’ त्या दिवशी चहा पारावरच्या म्हाताऱ्यांनी पाजला.

आणि इंजिनाचं ते. आठवतंय? जेवायला बसलो होतो. तुम्ही मला सांगत होतात की इंजिन मिळत नाही, म्हणून सगळं अडलंय. माय चुलीपाशी भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, ‘मन्हा भाऊनं इंजिन खळामा तसंच पडेल शे. लई जाय. पैसा बी मांगाव नही तो.’

तापीकाठी इंजिन म्हणजे पाणी ओढायचं तेलाचं इंजिन. दुसरं इंजिन मायनं रेल्वेचं पाहिलेलं, पण ते कुणी खळ्यात ठेवत नाही.

मला हसू फुटलं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, ‘माय, ते पानी वढानं शे. मन्हं आभायमा जावानं शे.’

‘इंजिन ते इंजिन,’ माय म्हणाली. ‘तेल टाका का चालस.’

‘ते जड शे, माय.’

‘मंग इमान थोडं मोठं करा.’

तुम्ही घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिलात. नंतर मला म्हणालात, ‘सुशीला, दिल्लीत एका साहेबानं अगदी हेच सुचवलं होतं. फक्त इंग्रजीत.’ मग मात्र आपण दोघं ठसका लागेपर्यंत हसलो. माय रागावली. तिच्या भावाचं इंजिन चांगलं चालू होतं.

मला तुमचं ते हसणं जास्त आठवतं. भांडणं आठवतात, पण त्यांच्यामागून.

माझं म्हणणं साधं होतं, अजून साधंच आहे. आजवर पैसा गेला म्हणून पुढेही घालत राहायचं, हे कारण होऊ शकत नाही. चुकीच्या गाडीत बसलेला माणूस तिकिटाचे पैसे भरले म्हणून शेवटच्या ठेसनापर्यंत जात नाही, मधे उतरतो. मी तुम्हाला हे मिलोच्या वर्षी म्हटलं होतं. रेशनच्या दुकानात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळत होती, तिची भाकरी तव्यावर तुटायची, आणि बायका हिरमुसून परातीकडे बघायच्या. मी म्हटलं, ‘पोटाला दुसऱ्याचं, आणि आभाळात स्वतःचं? आधी कशाचा मान?’

तुम्ही म्हणालात, ‘म्हणूनच. ज्वारी मागून आणली. विमानही मागूनच आणलं, तर उद्या देणारा सांगेल तेव्हा उडवायचं आणि सांगेल तेव्हा खाली ठेवायचं.’

‘मिलो खाऊन पोट तरी भरतं. तुमचं विमान कुणाचं पोट भरतं?’

‘दोन लढाया होऊन गेल्या, सुशीला. विसरलीस?’

‘त्या लढायांत तुमचं विमान होतं कुठं?’

मग हळू आवाजात म्हणालात, ‘विमान सोड. आमच्या खोलीत बसतात ना, ती पोरं आधी रेघ मारायलाही घाबरायची. विचारायची, बाहेरचं पुस्तक काय म्हणतं? आता नाही विचारत. विमान बंद केलं तर ती पोरं पांगतील. कुणी परदेशी जाईल, कुणी पंखे बनवणाऱ्याकडे जाईल. पुन्हा एवढी माणसं जमायला किती वर्षं लागतील, याचा हिशोब दिल्लीत कुणी केलाय?’

मी म्हटलं, ‘शिकवायचंच असेल तर शाळा काढा. विमान कशाला?’ तुम्ही म्हणालात, ‘ही शाळाच आहे. फी जरा जास्त आहे.’

असं आपलं चालायचं. कुणी जिंकलं नाही, आणि घरात त्याची कुणाला घाई नव्हती.

एक गोष्ट मात्र तुम्हाला कधी सांगितली नाही. बंगलोरला एकदा कारखान्यातल्या माणसांच्या बायकांना विमान दाखवायला नेलं होतं. मोठ्या शेडमध्ये ते उभं होतं. तुम्ही लांबून बोटानं दाखवलंत, ‘तो डावा पंख, तिथून तिथपर्यंत.’ जशी एखादी बाई वाळत घातलेल्या पापडांतले आपले ओळखून दाखवते, तसं. मी जवळ जाऊन हात लावला. दारातून आलेल्या उन्हानं पत्रा तापला होता. आणि मला एकदम वाटलं की आपल्या तापीकाठच्या घरातल्या एका माणसानं कागदावर रेघ मारली, आणि त्या रेघेचं हे झालं. तुम्ही विचारलंत, ‘कसं वाटतंय?’ मी म्हटलं, ‘रंग बरा दिलाय.’ तुम्ही म्हणालात, ‘रंग आमच्याकडे नाही.’ ते तिथंच राहिलं.

होळीला आलात तेव्हा तुम्ही थकलेले होतात. जेवण कमी, बोलणं कमी. ऊन नुकतंच तापायला लागलं होतं, आणि तुम्ही अंगणात उभं राहून म्हणालात, ‘अशा हवेत त्याला पूर्ण भार घेऊन उठायला त्रास होतो. धावपट्टी संपत येते आणि पोरगं दांडा ओढून बसलेलं असतं.’ पोरगं म्हणजे वैमानिक. त्याच्याबद्दल तुम्ही पहिल्यांदाच बोललात. ज्या बाजूला मी नेहमी बोट दाखवायचे, तिकडे तुम्ही स्वतःहून बघत होतात. तेव्हा जीभ चालवायची नसते, एवढं मला कळतं.

दुपारच्या गाडीनं तुम्ही निघालात. मी स्टेशनवर आले होते. गाडी आली, गर्दी झाली, तुमचा एक पाय पायरीवर. शाळेत मुलांना शिकवते की प्रश्न नीट, वेळेवर विचारावा, आणि मी स्वतः तो गाडी सुटताना विचारला. ‘मग समितीला काय सांगणार?’

तुम्ही मागं वळलात. शिट्टी झाली. तुम्ही म्हणालात, ‘ऱ्हाऊ दे.’

तुमचं मला ऐकू आलेलं शेवटचं बोलणं तेच.

मी परत येताना त्याचा विचारही केला नाही. घरात दिवसातून चार वेळा म्हणतो आपण ते. कुणी जास्तीची भाकरी वाढायला लागलं की ‘ऱ्हाऊ दे’. पोरं भांडायला लागली की ‘ऱ्हाऊ दे’. मग तुम्ही गेल्याची तार आली, मग बंगलोर, मग तुम्हाला मडक्यात घेऊन परतीचा प्रवास, मग तापी. नदीत उतरताना पाणी गुडघ्याएवढंच होतं. माय काठावर उभी होती. तिनं एवढंच म्हटलं, ‘जाय भो.’

चैत्रात राघवन आला. तुमच्या शेजारच्या टेबलावर बसणारा. तुमची लोखंडी पेटी घेऊन इतक्या लांब आला. आपल्या उन्हात तो भाजून निघाला होता. मायनं त्याला ताक दिलं, त्यानं तीन पेले प्यायले आणि हिंदीत म्हणाला, ‘माताजी, उत्तम हमेशा ये छाछ के बारे में बोलता था.’ मायला कळलं नाही, पण ‘उत्तम’ कळलं. तिनं चौथा पेला भरला.

पेटी ठेवून झाल्यावर तो मुद्द्यावर आला. मला म्हणाला, ‘भाभी, ऑफिस में दो पार्टी हो गया है.’

एक बाजू म्हणते, उत्तम स्पष्ट सांगायचा की बंद करा, गेलेल्या पैशामागे आणखी पैसा घालू नका. दुसरी बाजू म्हणते, उत्तमनं समितीसाठी मुद्दे काढायला घेतले होते, तो चालू ठेवा म्हणणार होता. तुम्ही समितीपुढे पोचलाच नाहीत. पण तुमच्या शब्दाला वजन होतं, कारण तुम्ही कुणाच्या गटात नव्हतात. आता दोन्हीकडून तुमचं नाव घेतलं जातंय. समितीतल्या एकानं म्हणे राघवनला सांगितलं, उत्तमराव घरच्यांना काही बोलले असतील तर कळवा, आम्ही ते ध्यानात घेऊ.

‘आपको लास्ट में क्या बोला, भाभी?’

बघा. ज्या विमानाच्या बंद होण्यासाठी मी इतकी वर्षं तुमच्याशी भांडले, त्याचा कौल माझ्या तोंडी आला होता. कुणी मला खोटं ठरवणार नव्हतं.

मी म्हटलं, ‘ऱ्हाऊ दे.’

तो उठायलाच लागला. त्याला वाटलं, मी त्याला विषय सोडायला सांगते. मी म्हटलं, ‘बैठिए. वही बोले. ऱ्हाऊ दे, ऐसा बोले.’

‘मतलब?’

आता त्याला काय सांगणार? मी मराठी शिकवते, मुलांना शब्दांचे अर्थ लिहून आणायला सांगते. माझ्या हिंदीची पार तारांबळ उडाली. मी सांगितलं, राहू दे म्हणजे ठेवा, काढू नका, असू द्या. तसा अर्थ घेतला तर विमान चालू ठेवायचं. राघवनचे डोळे चमकले. तो चालू ठेवणाऱ्यांतला होता, हे तेव्हा मला कळलं. मग मी सांगितलं, राहू दे म्हणजे जाऊ द्या, सोडा, नका करू. तसा घेतला तर बंद. त्याचा चेहरा उतरला.

‘भाभी, एक ही वर्ड में दोनों?’

‘हां.’

‘आपका लँग्वेज बहुत डेंजरस है.’

आणि मग मला तिसरं आठवलं. गाडीपाशी हमाल होता. त्यानं तुमची पिशवी वर टाकायला हात घातला होता, आणि तुम्हाला ती स्वतःच धरायची सवय. माझ्याशी वाद घालताना तुम्ही शाळेची मराठी बोलायचात. ‘ऱ्हाऊ दे’ तुम्ही अहिराणीत म्हणालात. थकलात की माझ्याशीही अहिराणी बोलायचात, हे खरं. पण हमालाशी नेहमीच. तुम्ही माझ्याकडे बघत होतात की त्याच्याकडे, हे आठवून बघते, पण गाडीचा धूर मधे येतो.

हेही मी राघवनला सांगितलं. तो डोक्याला हात लावून बसला. मग म्हणाला, आणि हे मला ठाऊकच नव्हतं, ‘भाभी, पैसा वाला बात वो हमेशा आपके नाम से बोलता था. माय वाइफ सेज. राँग ट्रेन में बैठा तो उतर जाओ, माय वाइफ सेज. मीटिंग में भी. साहब लोग पूछते थे, ये तुम्हारी वाइफ फायनान्स में है क्या?’

अहो, तुम्ही तिथं माझं बोलत होतात!

इथं माझ्यासमोर बसून तुम्ही विमानाची बाजू लढवायचात, त्या पोरांची, रेघेची. आणि तिथं विमानवाल्यांसमोर माझी. ज्यांनी तिथलं ऐकलं ते म्हणतात, बंद करा म्हणायचा. ज्यांनी तुमची तयारी पाहिली ते म्हणतात, चालू ठेवा म्हणणार होता. दोघंही खोटं बोलत नाहीत.

राघवननं शेवटचं विचारलं. त्याच्या आवाजात अजीजी होती. त्याची नोकरी, त्याच्या खोलीतल्या पोरांची नोकरी, सगळं त्या निर्णयावर टांगलेलं. ‘भाभी, पहला मीनिंग लिख दूँ? ठेवा, असू द्या. आप मना मत करना, बस.’

मी नाही म्हटलं. दुसराही लिहू नका म्हटलं. उत्तमरावांचं मत ठाऊक नाही, एवढंच कळवा. ‘माझं मत हवं असेल तर ते बंद करा असं आहे, पण ते माझ्या नावानं लिहा, त्यांच्या नाही.’

तो कसनुसा हसला. ‘उत्तम बोला था, वाइफ को मत पूछना.’

तो गेल्यावर माय आत आली. तिनं दारामागून सगळं ऐकलं होतं, समजलं काहीच नव्हतं.

‘काय मांगे तो?’

‘यासनं मत मांगे, माय. दिल्लीले सांगाले.’

‘दिनं का?’

‘मन्हाजोडे नव्हतं ते.’

माय ताकाचे पेले उचलायला लागली. ‘ते त्याजोडे बी नव्हतं,’ ती म्हणाली. ‘ल्हानपने त्याले इचारं, भाकर खास का भात खास? ते म्हने, तू काय खास?’ मग पेले घेऊन मोरीकडे गेली आणि बराच वेळ तेच घासत राहिली.

आपली आखाजी, पंचांगातली अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली आहे. माय तुमच्या नावानं घागर भरणार. बाजारातून डांगर, म्हणजे खरबूज, आणायचं आहे, घागरीवर ठेवायला. ती मला म्हणाली, यंदा पहिलीच शे, डांगर चांगलं मोठं आन. मी आणेन. मी असल्या गोष्टी मानत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी आणेन.

काल शिक्षकांच्या खोलीत हेडमास्तरांनी पेपर उघडला. समितीनं अजून काही ठरवलं नव्हतं, पण अग्रलेख होता. त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटी घडी घालत म्हणाले, ‘बरं झालं. सगळे आता बंदच करा म्हणताहेत. इतकी वर्षं नुसता पैसा पाण्यात. का हो सुशीलाबाई, तुम्ही तर पहिल्यापासून हेच म्हणत होतात.’

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंही. आणि बोलायला लागले ते तुमच्या खोलीतल्या पोरांबद्दल. पुस्तक काय म्हणतं हे न विचारता रेघ मारायला माणूस शिकतो, त्याला किती वर्षं लागतात. ती पोरं पांगली की पुन्हा जमवायला काय पडेल. देणारा हात आखडतो तेव्हा मागणाऱ्याचं काय होतं. मला थांबताच येईना. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

हेडमास्तर चष्म्यावरून बघत राहिले. ‘अहो बाई, तुम्ही तर विरोधात ना?’

‘आहेच,’ मी म्हटलं. ‘अजून आहे.’

‘मग हे काय?’

‘दुसऱ्या बाजूनं बोलायचे ते गेले,’ मी म्हटलं, आणि खडू घेऊन वर्गावर गेले.